तुळशीतली भांग : गांजा आणि कायदा यांविषयी काही विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात काशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही 'गांजा कायदेशीर असावा काय?' एवढेच लिहून पाठविले. कार्यकारी मंडळात त्यावर थोडी कुजबुज झाली, असे आमच्या कानी आले. ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि पेशवेकालीन काशी यांवर विद्वानांनी बोलावे तेथे चिलमीचा विषय कशास, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तरीही मंडळाने तो मान्य केला, ह्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. फौजदारी वकिलीत आमचे आयुष्य गेले, आणि तिच्या शेवटच्या पंधरावीस वर्षांत ज्या प्रकरणांनी आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ केले ती ह्याच वनस्पतीसंबंधीची होती. त्यांतली काही आपल्याच, म्हणजे मराठी घरांतली होती.

प्रारंभीच शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. वनस्पती एकच. तिची पाने वाळवून वाटली की भांग होते. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्याच शेंड्यांवरची राळ काढली की चरस. गांजा चांगला उतरावा म्हणून नरझाडे वेळीच ओळखून उपटून टाकावी लागतात, आणि ती ओळखणारे माहीतगार पूर्वी शेतोशेत फिरत असत. अंमल तिन्हींचा, पण कमीअधिक. आपल्या पूर्वजांना हा भेद नीट ठाऊक होता. आयुर्वेदाने भांगेला 'विजया' असे भारदस्त नाव दिले. मराठीने मात्र 'भंगड' आणि 'गांजेकस' हे दोन शब्द घडविले आणि त्या दोहोंत मुळीच आदर ठेवला नाही. शिवाय कुलवंताच्या घरी कुपुत्र निपजला की 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणण्याची आपली रीत आहे. ह्या शेवटच्या वाक्प्रचाराकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

जाता जाता एक गंमत. आमच्या वडिलांच्या पिढीतील एक गृहस्थ देशावरून नव्यानेच काशीस आले होते. रोज सकाळी मुलींचे भांग पाडण्यात फार वेळ जातो, असे त्यांनी हिंदी शेजाऱ्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. शेजारी हात जोडून म्हणाला की, एवढे शिवभक्त कुटुंब आपण ह्या गल्लीत प्रथमच पाहिले! असो.

आपण काशीकर ह्या प्रश्नाच्या अगदी मध्यावर राहतो. दशाश्वमेधाकडे जाताना सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेथे गोळी विकत घेऊन, ठंडाईत घोटून, महाशिवरात्रीस वा रंगभरी एकादशीस प्राशन करणारा मनुष्य कोणताही गुन्हा करीत नाही. तो राज्याच्या अबकारी महसुलात भरच घालतो. त्याच दुकानापासून पन्नास पावलांवर, घाटाच्या पायरीवर, एखादा विद्यार्थी त्याच झाडाच्या शेंड्याची पुडी खिशात घेऊन बसला असेल तर तो कारावासास पात्र होतो. त्याच्या शेजारी चिलमीला ओली छापी गुंडाळून धूर सोडणारा साधू कायद्याच्या दृष्टीने तितकाच अपराधी आहे, कारण साधूंना सूट देणारे कलम कोठेही नाही. परंतु त्याला कोणी हात लावीत नाही. आणि भांगेचा हा पदार्थ जर कोणी सुटीत पुण्यास घेऊन गेला, तर तेथे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आडवा येतो. काशीत बिनदिक्कत विकत मिळणारी वस्तू परवान्यावाचून जवळ बाळगणे महाराष्ट्रात गुन्हा ठरतो. सुटीत गावी जाणाऱ्या तरुण मंडळींनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी आजच्या व्याख्यानाचे चीज झाले, असे आम्ही समजू.

ही विसंगती आली कोठून? त्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

१८९३ सालच्या मार्चमध्ये डब्ल्यू. एस. केन ह्या मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्या सभासदाने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजाचा प्रश्न उपस्थित केला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असा समज त्या काळी विलायतेत पसरला होता. त्यावर सरकारने मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने सुमारे वर्षभरात देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले. वैद्य, डॉक्टर, जमीनदार, मिशनरी, सेनाधिकारी, अबकारी खात्याचे लोक, शेतकरी, कोणासही सोडले नाही. बंगालात राजशाहीकडील नौगाव, मध्यप्रांतात खांडव्याचा मुलूख आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा, अशा लागवडीच्या जागा तपासल्या. १८९४ साली तीन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल तयार झाला. कोणत्याही मादक द्रव्याचा इतका कसून अभ्यास त्यापूर्वी जगात झाला नव्हता. त्यानंतरही क्वचितच झाला असेल.

त्यातील वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. १८९२ साली ह्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेले होते. आयोगाने एकेका प्रकरणाचा छडा लावला. तेव्हा असे दिसले की, रुग्णास घेऊन येणारा पोलीस शिपाई सोबतच्या कागदावर कारणाचा रकाना भरीत असे. त्यास खरे कारण ठाऊक नसे. पण रकाना रिकामा ठेवणे साहेबास चालत नसे. गांजा हे सोयीचे उत्तर होते. छाननीअंती २२२ पैकी केवळ ९८ प्रकरणे टिकली, आणि त्यांतही काहींत गांजाखेरीज अन्य कारणे मिसळलेली होती. शंभरात सात. आमच्या पेशात आम्ही पंचनामे पुष्कळ वाचले, आणि रकाना भरण्याची ही वृत्ती एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली असे आम्हांस कधी आढळले नाही.

आयोगाचा निष्कर्ष असा, की बेताने सेवन करणाऱ्यांस ह्या द्रव्यांपासून सांगण्यासारखी इजा होत नाही. अतिसेवन घातक आहे, परंतु अतिसेवन करणारे थोडे. संपूर्ण बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. कर लावावा, परवाने मर्यादित ठेवावे, लागवड एका जागी आणून तिच्यावर नजर ठेवावी. मात्र हा निर्णय एकमुखी नव्हता, ही गोष्ट गांजाचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत. आयोगावर तीन भारतीय सभासद होते आणि त्यांपैकी दोघांनी, म्हणजे राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद ह्यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. ज्यांच्या गल्लीत चिलीम पेटत होती त्यांना ती गोऱ्या सभासदांपेक्षा अधिक बोचली, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. आमचे स्वतःचे मत आयोगाकडे झुकते. तथापि त्या दोघांना सनातनी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल.

त्यानंतर नव्वद वर्षे देशात साधारण हीच व्यवस्था चालली. अनेक प्रांतांत गांजाची सरकारमान्य दुकाने होती. मग १९६१ साली मादक द्रव्यांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि गांजाला अफूच्या व हेरॉइनच्या पंक्तीस बसविण्यात आले. पाश्चात्त्य राष्ट्रांना आपल्या सणावारांची कल्पना नव्हती. भारताच्या आग्रहाचा परिणाम म्हणून व्याख्येतून पाने वगळली गेली आणि भांग वाचली. गांजाचे औषधाव्यतिरिक्त सेवन थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. ती संपण्यापूर्वीच, १९८५ च्या ऑगस्टात लोकसभेत विधेयक आले, सप्टेंबरात त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरास अंमली पदार्थांचा नवा कायदा जारी झाला. तोच हा एनडीपीएस. आयोगाला चौकशीस वर्ष लागले. येथे कायदा महिन्याभरात झाला.

घाईचे कारणही सांगितले पाहिजे. त्याच सुमारास मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत ब्राउन शुगर, म्हणजेच 'गर्द', थैमान घालू लागली होती. अनिल अवचट ह्यांचे 'गर्द' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यांनी व डॉ. अनिता अवचट ह्यांनी १९८६ साली पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि त्यामागे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांचे पाठबळ होते. तो काळ भयाचा होता, आणि भयाच्या काळी कायदे कठोर होतात. आमची तक्रार कठोरपणाबद्दल नाही. गर्दच्या पुडीसाठी उगारलेली काठी गांजाच्या चिलमीवरही बसली, ही आमची तक्रार आहे. स्वस्त गांजाचे दुकान बंद झाल्याने गर्दचा बाजार वाढला, असे काहीजण म्हणतात. गर्द त्याआधीच शहरांत शिरली होती, म्हणून आम्ही इतके ठाम विधान करणार नाही.

आता आजचा कायदा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती 'अल्प मात्रा'. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी ही मर्यादा सहा महिने होती, २०१४ च्या दुरुस्तीने वर्ष झाली. परंतु सेवनाचे कलम निराळे आहे, आणि त्यात गांजासाठी शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचीच. म्हणजे ज्याने गांजा ओढून संपविला त्याचा अपराध लहान, आणि ज्याने तो खिशात शिल्लक ठेवला त्याचा मोठा! कायद्याने संयमाला दिलेली ही शिक्षा पाहून आम्ही कित्येकदा कपाळावर हात मारून घेतला आहे.

वीस किलोंच्या वर 'व्यापारी मात्रा' होते. तेथे किमान शिक्षा दहा वर्षे, कमाल वीस, आणि एक ते दोन लाख दंड. न्यायाधीशास दया आली तरी दहा वर्षांखाली येता येत नाही. जामिनाचे कलम असे की, आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. म्हणजे खटला चालण्यापूर्वीच तो जिंकावा लागतो. ह्या तरतुदी मोठ्या व्यापाऱ्यांसाठी केल्या. मोठा व्यापारी आम्ही ह्या पिंजऱ्यात क्वचितच पाहिला. जो दिसतो तो ओडिशा-आंध्रच्या डोंगराळ सीमेवरून उत्तरेकडे येणाऱ्या गाडीत दोन पिशव्या सांभाळीत बसलेला मजूर. पिशव्या पोहोचविण्याचे त्यास काही हजार रुपये मिळावयाचे असतात. माल कोणाचा, हे त्यास ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी जिवाच्या भीतीने तो सांगत नाही. पिशव्यांचे वजन बावीस किलो भरले तर दहा वर्षे. अठरा भरले तर न्यायाधीशास मोकळीक. चार किलोंनी माणसाचे तारुण्य तोलले जाते. एकदा एका अशिक्षित स्त्रीने आम्हांस विचारले होते, "वकीलबाबू, ते वजन ओल्या मालाचे करतात की वाळलेल्या?" भल्याभल्या कायदेपंडितांना न सुचलेला हा प्रश्न तिला सुचला, कारण तिचा नवरा आत होता.

आता आपल्या घरांकडे वळू. नावगाव सांगणे उचित नाही, आणि ओळखण्याचा प्रयत्नही कोणी करू नये, ही विनंती. बदलीच्या नोकरीत देशभर फिरलेल्या एका मराठी कुटुंबाचा मुलगा दूरच्या शहरी वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकत होता. वय एकवीस. परीक्षा संपल्याच्या आनंदात मित्रांनी वर्गणी काढून एक पुडी आणली. पोलीस आले तेव्हा ती ह्याच्या बॅगेत होती. चाळीस ग्रॅम. दोन रात्री कोठडीत गेल्या. मग रासायनिक पृथक्करणाचा अहवाल येईना, तारखांवर तारखा पडत गेल्या. वडील रजा काढून गाडीने जात आणि तारीख घेऊन परत येत. अखेरीस तेथल्या वकिलाने सल्ला दिला की, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. मुलाने कबूल केले, वडिलांनी दंड भरला, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु दोषसिद्धी कागदावर राहिली. पुढे सरकारी नोकरीसाठी निवड झाली तेव्हा साक्षांकनाच्या नमुन्यात ती लिहावी लागली, आणि निवड रद्द झाली. चाळीस ग्रॅम गांजाने त्या मुलाच्या प्रकृतीचे काय बिघडविले असते ते असो. कायद्याने त्याचे आयुष्य निश्चित बिघडविले.

आणि आपण काय केले? कोणीतरी सभ्य स्वरात 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणाले. ते त्या घरापर्यंत पोहोचले. त्याच्या आईने त्या वर्षापासून हळदीकुंकवास येणे सोडले, आणि गणेशोत्सवात ती आरतीपुरती येऊन प्रसाद न घेताच मागच्या मागे निघून जाऊ लागली. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला नातेवाइकांच्या जागी मंडळ असते. गावी एक घर मिटले तर दहा घरे उघडी असतात. येथे मंडळाचे दार मिटले की मराठीत रडण्यासही जागा उरत नाही.

दुसरे प्रकरण उलट अंगाचे आहे, आणि गांजा निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्यांनी ते लक्षपूर्वक ऐकावे. एका मुलाने पंधराव्या-सोळाव्या वर्षी गांजा ओढण्यास आरंभ केला. अठरावे लागेपर्यंत रोज. एकोणिसाव्या वर्षी त्यास आवाज ऐकू येऊ लागले. शेजारी आपल्याविषयी कट करीत आहेत असे त्यास वाटू लागले. घराण्यात मानसिक आजार पूर्वी होता, त्यामुळे गांजानेच हे केले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. मात्र कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र मालाचे सेवन केल्याने अशा आजाराचा धोका वाढतो, आणि ज्याच्या कुळात तो आहे त्यास अधिकच, एवढे आज वैद्यकाने मानलेले आहे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते. शिवाय आजचा माल आजोबांच्या काळचा नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसी ह्या अंमली घटकाचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते; २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेले. १८९४ च्या आयोगाने जी वस्तू तपासली ती ही नव्हे.

पण ह्या प्रकरणातली खरी शोकांतिका अशी, की मुलाची लक्षणे दिसू लागल्यावरही आईबापांनी त्यास डॉक्टरकडे नेले नाही. डॉक्टर पोलिसांस कळवितील ही भीती! वर्ष त्यात गेले. ज्या कायद्याने मुलाचे रक्षण करावयाचे त्यानेच औषधाची वाट अडविली. वस्तुतः त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे: सेवनाच्या वा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम आम्ही ज्यांना ज्यांना सांगितले त्यांतील जवळजवळ कोणासही ते ठाऊक नव्हते. त्यात काही पोलीस अधिकारीही आले.

मग आमचे मत काय? आम्ही कायदेशीर करण्याच्या बाजूचे की विरुद्ध? श्रोत्यांना एका शब्दात उत्तर हवे असते, आणि वकिलाला ते देता येत नाही. जवळ थोडा गांजा बाळगणे किंवा ओढणे हा फौजदारी गुन्हा राहू नये. तेथे अटक नसावी, दोषसिद्धीचा डाग नसावा. फार तर वाहतुकीच्या नियमभंगासारखा दंड असावा, आणि वयाने लहान असेल तर पालकांसह समुपदेशकाकडे रवानगी. परंतु गांजाची दुकाने थाटून, जाहिराती लावून तो विकण्यास आमचा विरोध आहे. हे दोन प्रश्न भिन्न आहेत. वर्तमानपत्रांतील वादांत त्यांची सरमिसळ होते, आणि मग एक पक्ष सर्वांना तुरुंगात घालावयास निघतो तर दुसरा सर्वांना दुकानात.

विक्रीला विरोध का? कारण सिगारेटच्या धंद्याने काय केले ते आमच्या पिढीने पाहिले आहे. जेथे नफा आहे तेथे गिऱ्हाईक वाढवावे लागते, आणि वाढीव गिऱ्हाईक तरुणांतूनच येते. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला. पुरेशी नियमावली तयार नव्हती, गल्लोगल्ली दुकाने उघडली, आणि तीनच वर्षांत, २०२५ मध्ये, सरकारला डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून माघार घ्यावी लागली. कॅनडाने २०१८ साली अधिक विचाराने पाऊल टाकले: वयाची अट, साधी वेष्टने, जाहिरातींवर निर्बंध. जर्मनीने २०२४ च्या एप्रिलपासून प्रौढास पंचवीस ग्रॅम जवळ बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली, पण सर्रास दुकाने उघडली नाहीत. आम्हांस ह्यांत जर्मनीचा सावधपणा रुचतो. तीन झाडे मात्र नकोत, कारण आपल्या चाळींत आणि सदनिकांत तुळशीवृंदावनालाच जागा पुरत नाही.

काही मंडळी महसुलाचा हिशेब मांडतात. अबकारी उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याला प्रजेच्या शुद्धीची काळजी उरत नाही, हे दारूच्या बाबतीत आपण डोळ्यांनी पाहतो. केंद्र सरकारने एम्सकडून करविलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि भांग, गांजा व चरस मिळून सेवन करणारे ३ कोटी १० लाख. त्या तीन कोटींतही निम्म्याहून अधिक भांगेचे. सुमारे ७२ लाखांना गांजा-भांगेपायी उपचारांची वा मदतीची गरज आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये आणि द्रव्ये ह्यांच्या बंदीचे ध्येय राज्यापुढे ठेवले आहे, असा आक्षेप ज्येष्ठांकडून येतो आणि तो रास्त आहे. मात्र त्या अनुच्छेदाचा आधार घेणाऱ्याने दारूच्या दुकानासमोरही तितक्याच मोठ्या आवाजात तो वाचावा, इतकीच आमची अपेक्षा.

माताभगिनींकडून नेहमी येणारा प्रश्न असा : आज गांजा, उद्या गर्द, हे थांबवायचे कसे? गर्द घेणाऱ्या पुष्कळांनी आधी गांजा ओढलेला असतो, हे खरे. पण गांजा ओढणारे बहुतेक गर्दपर्यंत जात नाहीत, हेही तितकेच खरे. आमच्या पाहण्यात एक दुवा आला तो निराळा. गांजा विकणारा आणि गर्द विकणारा हे एकाच अंधाऱ्या गल्लीतले असतात, आणि मुलाला त्या गल्लीची ओळख आपल्या कायद्याने करून दिलेली असते.

औषधी उपयोगाविषयी थोडक्यात. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओशॉनेसी ह्यांनी १८३९ साली ह्या वनस्पतीच्या गुणांवर निबंध वाचला आणि ती पाश्चात्त्य वैद्यकात नेली. म्हणजे विद्या आपल्याकडूनच गेली. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर तिच्यातील सीबीडी ह्या घटकाचे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, आणि भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. उत्तराखंडात ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणाची, धाग्यासाठी व बियांसाठी, परवान्याने लागवड होते. ह्या सर्वांस आमचा पाठिंबा आहे. मात्र प्रत्येक दुखण्यावर गांजाचे तेल सुचविणाऱ्या जाहिरातींपासून ज्येष्ठ नागरिकांनी सावध राहावे. संधिवात तेलाने बरा होत असता तर काशीतल्या सर्व भंगडांचे गुडघे तरुण असते.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. मंडळाच्या हाती जे आहे तेवढेच आता मागतो. एक, ६४-अ हे कलम आणि १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्तीसाठीचा दूरध्वनी क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर कायमचा लावावा. ज्याला गरज आहे तो कोणाला न विचारता वाचील. दोन, दरवर्षी शाळा संपवून बाहेरगावी शिकण्यास जाणाऱ्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो. त्या दिवशी एखाद्या डॉक्टरने आणि एखाद्या वकिलाने त्यांच्याशी तासभर मोकळेपणी बोलावे, पालकांना बाहेर बसवून. मुलांनी कोणताही प्रश्न विचारला तरी भुवया उंचवावयाच्या नाहीत, ही अट. पहिल्या वर्षीचा वकील म्हणून आम्ही आजच नाव नोंदवितो. डॉक्टर मंडळाने शोधावा. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्या एका घरी चिटणिसांच्या छापील पत्राने न जाता, दोघीतिघींनी वाण घेऊन स्वतः जाऊन करावे. घर कोणते, हे आम्ही सांगितलेले नाही. पण ज्यांनी जावयाचे त्यांना ते ठाऊक आहे.